रिपोर्ट चांगला आला, आता कोलेस्टेरॉलची गोळी थांबवावी का?

धागा: होटगी रोड
८ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेले आठ दिवस एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळत आहे आणि घरात त्यावर एकमत होत नाही, म्हणून तो आपल्यापुढे ठेवतो.

मी ५४ वर्षांचा आहे. सोलापुरातच एका पतसंस्थेत नोकरी करतो आणि दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसून असतो. जुलै महिन्यात उपाशीपोटी केलेल्या तपासणीत माझे एकूण कोलेस्टेरॉल २५२, एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) १७२, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३८ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) २१० आले. रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून चालू आहे, साखर नाही, तंबाखू कधी खाल्ली नाही. डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. त्याच आठवड्यापासून मी सकाळी कंबर तलावाकडे चालायला जाऊ लागलो, संध्याकाळची भजी आणि फरसाण सोडले, दर रविवारचे मटण महिन्यातून एकदावर आणले, आणि वजन ८१ किलोवरून ७६ किलोवर आले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासणी केली, तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल १५६, एलडीएल ८६, एचडीएल ४१ आणि ट्रायग्लिसराइड १४५ असे आकडे आले. जुलैच्या कागदावर चार ठिकाणी बाण होते, या वेळी एकही नाही.

माझे म्हणणे असे की ताप उतरला की आपण तापाची गोळी थांबवतो, मग आकडे ठीक झाल्यावर ही गोळी का चालू ठेवायची? शिवाय वीस-पंचवीस वर्षे रोज एक औषध पोटात गेले तर त्याचे पुढे काय होते, याचीही मला मनापासून काळजी वाटते. सौभाग्यवतींचे म्हणणे आहे की डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करायचे नाही. डॉक्टरांची वेळ २२ तारखेची मिळाली आहे. तोपर्यंत या वाटेने गेलेल्या मंडळींनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.


प्रतिसाद: करडई
८ डिसेंबर, रात्री १०.२५

दादा, मी शेती खात्यातून निवृत्त झालो आहे, वय ६३. तीन वर्षांपूर्वी माझे एलडीएल १३८ आले होते. मी गोळी घेतलीच नाही. घरात करडईचे तेल आणले, तेही माणशी मोजून, दोन्ही वेळच्या जेवणात ज्वारीची भाकरी ठेवली, तुपाची धार बंद केली आणि रोज पाऊण तास चाललो. पाच महिन्यांनी एलडीएल ११८ झाले आणि आजही तेथेच आहे. रक्तदाब नाही, साखर नाही. आपण वजन पाच किलोने उतरवले आहे, म्हणजे मुळावरच इलाज केला आहे. माझ्या मते गोळी थांबवून तीन महिने पाहायला हरकत नसावी.


प्रतिसाद: साखर पेठ
९ डिसेंबर, दुपारी २.१०

मी सहसा येथे लिहीत नाही, केवळ वाचते, परंतु हा प्रश्न वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही.

आमच्या घरी सासऱ्यांना मामय्या म्हणतात. त्यांचे वय ६७, आयुष्य टॉवेलच्या मागावर उभे राहून गेले. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला. पुढच्या वर्षीच्या तपासणीत एलडीएल ६२ आले तेव्हा सगळ्यांनाच समाधान वाटले, आणि शेजारच्या एका गृहस्थांनी त्यांना सांगितले की आता नॉर्मल झाले, आता कशाला गोळी. मामय्यांनी आम्हाला काहीच कळू दिले नाही. माझे यजमान दर महिन्याला औषधे आणत, मामय्या ती हातात घेत, डबा उघडल्याचा आवाजही येई.

सात महिन्यांनी एका पहाटे त्यांच्या छातीवर दडपण आले आणि डावा हात जड झाला. रुग्णालयात त्यांना दाखल करून घेतल्यावर मी जुनी औषधे शोधायला घरी आले. त्यांच्या लोखंडी कपाटात, पंचांगांच्या खाली, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात पंधरा-पंधरा गोळ्यांची चौदा पाकिटे एकावर एक रचून रबर लावून ठेवली होती, एकही खिडकी फोडलेली नव्हती. त्या दिवशी त्यांचे एलडीएल १४९ निघाले. दुसरी अँजिओप्लास्टी करावी लागली. गोळी थांबवल्यामुळेच हे झाले असे डॉक्टरांनी खात्रीने सांगितले नाही आणि मीही तसे म्हणत नाही. पण ६२ चे १४९ कशाने झाले, हे विचारण्याची गरज उरली नाही.

नंतर मी त्यांना विचारले, मामय्या, थांबवायचीच होती तर आम्हाला आणायला का लावलीत? ते म्हणाले, तुम्ही काळजी कराल म्हणून. आता रोज रात्री जेवणानंतर गोळी मी हातावर देते आणि ते पाण्याचा पेला रिकामा करून मला दाखवतात.


प्रतिसाद: नवी पेठ
९ डिसेंबर, रात्री ११.०५

ताई, आपण लिहिलेल्या गोष्टीतला एक धोका अनेकांच्या लक्षात येत नाही. माझे औषधांचे दुकान आहे आणि हे मी आठवड्यातून दोनदा तरी पाहतो. स्टेंट बसवलेल्या किंवा झटका येऊन गेलेल्या कित्येक रुग्णांना एकाच कॅप्सूलमध्ये तीन औषधे दिलेली असतात: रोसुव्हास्टॅटिन किंवा अ‍ॅटोर्वास्टॅटिन, सोबत अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. रुग्ण तिला चरबीची गोळी म्हणतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तो ती बंद करतो, तेव्हा रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली दोन औषधेही त्याच क्षणी बंद होतात, आणि स्टेंट नवा असेल तर ते फार धोक्याचे आहे. म्हणून प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे की पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेली नावे दुकानदाराकडून एकदा वाचून घ्यावीत. आम्ही वाचून दाखवतो, त्यात संकोच कसला.

पैशांमुळे कोणी एक दिवसाआड गोळी घेत असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. जन औषधी केंद्रात हीच औषधे नामांकित कंपन्यांच्या तुलनेत बरीच स्वस्त मिळतात.


प्रतिसाद: सात रस्ता
१० डिसेंबर, सकाळी ७.१५

होटगी रोड, मी फिजिशियन आहे. आपल्याला तपासलेले नसल्यामुळे मी निर्णय सांगणार नाही, तो आपल्या डॉक्टरांनीच आपल्याशी बोलून घ्यायचा आहे. पण उत्तर देण्याआधी एक विचारतो, कारण आपल्या लेखनात ते आलेले नाही. आपले आई-वडील किंवा सख्खे भाऊ-बहीण यांपैकी कोणाला कमी वयात हृदयविकार झाला आहे का?


प्रतिसाद: होटगी रोड
१० डिसेंबर, दुपारी १.३०

डॉक्टरसाहेब, थोरल्या बंधूंची अँजिओप्लास्टी झाली आहे. तेव्हा ते ४९ वर्षांचे होते. ते सिगारेट ओढत असत, त्यामुळे आम्ही सर्वांनी दोष सिगारेटलाच दिला आणि माझ्याशी त्याचा काही संबंध असेल असे मला वाटले नाही. जुलैमध्ये डॉक्टरांना मी हे सांगितल्याचे आठवत नाही.


प्रतिसाद: सात रस्ता
१० डिसेंबर, रात्री १०.५०

मग हे २२ तारखेला सर्वांत आधी सांगा. आता थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या शरीरातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग आपण खातो त्यातून येत नाही, तो शरीरातच, मुख्यतः यकृतात तयार होतो. स्टॅटिन वर्गाची औषधे, म्हणजे आपल्या रोसुव्हास्टॅटिनसारख्या गोळ्या, यकृतातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) हे काम चालते त्याला अडवतात. यकृताच्या पेशींना कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की त्या आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) वाढवतात आणि रक्तातले एलडीएल आत ओढून घेतात. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या शास्त्रज्ञांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. गोळी थांबवली की विकर मोकळे होते, ग्राहक कमी होतात आणि काही आठवड्यांतच एलडीएल मूळच्या पातळीकडे परत जाते. तापाची तुलना येथे लागू होत नाही ती यामुळेच: ताप ज्या संसर्गाने आला तो संपलेला असतो, पण येथे यकृताचा स्वभाव बदललेला नसतो.

आता आपल्या आकड्यांकडे पाहू. रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमने एलडीएल साधारणपणे ४५ टक्क्यांनी उतरते. १७२ चे ४५ टक्के म्हणजे ७७, उरतात ९५. आपले ८६ आहे. वरचे नऊ अंक आपल्या चालण्याचे आणि जेवणातील बदलांचे आहेत, असा ढोबळ हिशेब मांडता येईल. गोळी थांबवली आणि बाकी सर्व तसेच ठेवले, तर एलडीएल दीडशेच्या पुढेमागे जाईल असा माझा अंदाज आहे. आपण केलेल्या कष्टांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. ट्रायग्लिसराइड २१० वरून १४५ वर आले यात त्या कष्टांचा वाटा मोठा आहे, आणि पाच किलो वजन उतरल्याचा फायदा रक्तदाबालाही होतो. पण एलडीएलवर खाण्यापिण्याचा परिणाम बहुतेकांत दहा-पंधरा टक्क्यांचाच असतो. करडई यांचे १३८ चे ११८ झाले, तो उतार याच मापाचा आहे.

मग करडई यांना गोळी नको आणि आपल्याला हवी, हे कसे? या औषधांच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे की रिपोर्टमधील एलडीएलचा आकडा सुमारे ३९ ने खाली आला की हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. येथे विचारायचे ते एवढेच की एक पंचमांश कशाचा? ज्याचा मुळातला धोका अगदी थोडा आहे त्याला मिळणारा लाभही थोडाच असतो, आणि त्याने रोज गोळी घ्यावी की नाही यावर खरोखर चर्चा होऊ शकते. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, स्टेंट आहे, त्याचा धोका मोठा असतो आणि लाभही तितकाच मोठा. आपण या दोहोंच्या मध्ये, पण वरच्या बाजूला आहात: रक्तदाब आहे, भावाला पन्नाशीच्या आत विकार झाला आहे, आणि आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो.

प्रयोगशाळेच्या कागदाविषयीही एक सांगायचे आहे. त्यावर छापलेली मर्यादा सर्वांसाठी एकच असते, आपले उद्दिष्ट मात्र आपल्या धोक्यावरून ठरते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी धोक्याच्या व्यक्तीचे एलडीएल १०० च्या खाली असावे, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या जास्त धोक्याच्या व्यक्तीचे ७० च्या खाली, आणि झटका, पक्षाघात किंवा अशा विकारातून गेलेल्या व्यक्तीचे ५५ च्या खाली. म्हणजे कागदावर बाण नसला तरी आपले ८६ अजून उद्दिष्टाच्या वर असण्याची शक्यता आहे. आपण गोळी बंद करण्याविषयी विचारायला जाणार आहात आणि कदाचित दुसरी जोडण्याविषयी ऐकून याल, याची मनाची तयारी ठेवा.

दीर्घ काळच्या परिणामांची आपली काळजी रास्त आहे. ही औषधे कालची नाहीत. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून या वर्गातील पहिला पदार्थ वेगळा केला आणि १९८७ मध्ये अमेरिकेत पहिल्या स्टॅटिनला परवानगी मिळाली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमधील मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. दोष नाहीत असे नाही. काहींच्या रक्तातील साखर किंचित वाढते, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत हे अधिक दिसते. काहींचे स्नायू दुखतात, यकृताच्या चाचण्या क्वचित बिघडतात, आणि स्नायूंना गंभीर इजा फारच विरळा होते. म्हणून या गोळीवर असलेल्याने वर्षातून एकदा तरी साखर तपासावी, आणि लघवी गडद रंगाची होऊन अंग असह्य दुखू लागले तर वेळेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.


प्रतिसाद: मालदांडी
११ डिसेंबर, सायंकाळी ६.२०

माझी गोळी डॉक्टरांनीच बंद केली. तो अनुभवही येथे नोंदवते, कारण तशीही उदाहरणे असतात.

मी ४७ वर्षांची आहे, मंगळवेढ्याजवळ शिक्षिका आहे. माझे एलडीएल १८८ आले तेव्हा एका दवाखान्यात लगेच गोळी लिहून दिली. त्यानंतर माझ्या मांड्या इतक्या दुखू लागल्या की शाळेचा जिना चढताना कठड्याला धरावे लागे. दुसऱ्या डॉक्टरांनी माझा सुजलेला चेहरा पाहिला, केस गळतात का, थंडी सोसते का असे विचारले आणि थायरॉइडची तपासणी सांगितली. टीएसएच (थायरॉइड मंदावले की रक्तात वाढणारे संप्रेरक) ४६ निघाले. थायरॉइड मंदावले की एलडीएल वाढते, आणि अशा वेळी स्टॅटिन दिले तर स्नायू दुखण्याचा संभव अधिक असतो, असे त्यांनी मला कागदावर आकृती काढून समजावले. थायरॉइडची गोळी सुरू झाली, स्टॅटिन थांबवले, आणि टीएसएच ताळ्यावर आल्यावर एलडीएल आपोआप ११२ झाले. मला रक्तदाब किंवा मधुमेह नाही, घरात हृदयविकार नाही, म्हणून त्यांनी पुन्हा स्टॅटिन दिले नाही. दर वर्षी तपासते.

दादा, आपण थायरॉइड तपासले आहे का?


प्रतिसाद: धोटा
११ डिसेंबर, रात्री ९.००

मलाही पोटऱ्या दुखण्याचा त्रास झाला. अक्कलकोट रोडला कारखान्यात दिवसभर मागांमधून फिरावे लागते, त्यामुळे दुखणे कामाचे की गोळीचे हे कळत नव्हते. मी चार महिने गोळी सोडली, तरी संध्याकाळचे दुखणे राहिलेच, फक्त थोडे कमी झाल्यासारखे वाटले. सात रस्ता साहेब, अशा वेळी काय करावे? मला मधुमेह आहे.


प्रतिसाद: सात रस्ता
१२ डिसेंबर, सकाळी ६.५०

मालदांडी ताई, आपण अत्यंत महत्त्वाची गोष्ट लिहिलीत. एलडीएल वाढण्याचे मूळ कारण सापडून ते दूर झाले असेल तर गोळी थांबवणे हाच योग्य निर्णय असतो. गरोदरपणातही ती सहसा थांबवतात. शिवाय, पंचाहत्तरीच्या पुढे, आधी कधी हृदयविकार न झालेल्या आणि इतर आजारांनी थकलेल्या माणसाच्या बाबतीत या गोळीचा पुनर्विचार करणे गैर नाही. तेथे औषधांची संख्या कमी करणे हीसुद्धा काळजीच असते.

धोटा, आपल्यासारख्यांसाठीच इंग्लंडमध्ये एक सुंदर चाचणी झाली आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना प्रत्येकी बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत अ‍ॅटोर्वास्टॅटिन, चारमध्ये तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या, आणि चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, आणि त्रास किती झाला याची रोज नोंद. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी होता, पण औषधाच्या गोळीने जेवढा वाढला त्याच्या सुमारे ९० टक्के औषधविरहित गोळीनेही वाढला. दुखणे खोटे होते असा याचा अर्थ नाही, दुखत तर होतेच. गोळी घेण्याच्या धास्तीनेही अंग दुखू शकते, एवढेच यातून कळले. हे समजल्यावर त्यांतील निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

आपण डॉक्टरांकडून सीपीके (स्नायूंना इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. सर्व ठीक असेल तर मात्रा कमी करून, औषध बदलून किंवा दिवसाआड घेऊन पाहता येते, आणि कोणतेच स्टॅटिन सोसले नाही तर वेगळ्या वर्गातील औषधेही आहेत. मधुमेह असताना चार महिने काहीच न घेता राहणे मात्र मला बरे वाटत नाही.


प्रतिसाद: करडई
१२ डिसेंबर, सकाळी ११.३०

डॉक्टरसाहेब, आपले लेखन मी दोनदा वाचले आणि माझे पहिले मत मागे घेतो. माझे १३८ आणि होटगी रोड यांचे १७२ हे मी एकाच मापाने मोजले. त्यांचा रक्तदाब आणि त्यांचे बंधू हे दोन्ही मी हिशेबात धरलेच नव्हते.

आमच्या भाषेत सांगायचे तर ही विहिरीची गोष्ट आहे. मोटार चालू आहे तोवर विहिरीचा तळ दिसतो, म्हणून कोणी म्हणत नाही की आता झरे आटले. उपसा थांबला की चार दिवसांत पाणी पुन्हा खुणेच्या दगडाला लागते.

तेलाविषयी मात्र एक सांगून ठेवतो. बाटलीवर कोलेस्टेरॉलमुक्त असे लिहिलेले असते, त्याला भुलू नये. करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, कोणतेही वनस्पतिजन्य तेल घ्या, त्यात कोलेस्टेरॉल नसतेच. त्यात संपृक्त चरबी किती आहे आणि घरात महिन्याला एकूण किती तेल संपते, हे पाहावे.


प्रतिसाद: होटगी रोड
२३ डिसेंबर, रात्री ८.४५

मंडळी, काल डॉक्टरांना भेटून आलो. आपण सुचवलेले सर्व प्रश्न एका वहीत लिहून नेले होते. डॉक्टरांनी वही हातात घेऊन स्वतः वाचली आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले, त्यासाठी त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत.

बंधूंची हकीकत ऐकल्यावर त्यांनी जुलैचा कागद पुन्हा समोर ओढला. थायरॉइडची तपासणी जुलैमध्येच झाली होती आणि ती ठीक होती, हे मलाच ठाऊक नव्हते. उपाशीपोटीची साखर ९८ आहे. त्यांनी सांगितले की गोळी थांबवण्याचा प्रश्न आपल्या बाबतीत येत नाही, आणि उद्दिष्ट ७० च्या खालीच धरायचे. रोसुव्हास्टॅटिन दुप्पट केली तर एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्क्यांनीच उतरते, म्हणून तीच मात्रा ठेवून एझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडले. हे औषध आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण कमी करते, आणि दोघांची मिळून एकच गोळी येते, त्यामुळे गोळ्यांची संख्या वाढली नाही. आयुष्यात एकदा करायची लायपोप्रोटीन-ए (रक्तातील एलडीएलसारखाच एक घटक) ही तपासणीही सांगितली, कारण ते जन्मतःच ठरलेले असते आणि घराण्यात चालत येते. ते माझे ६४ आले, म्हणजे ५० या मर्यादेच्या वर.

प्रामाणिकपणे लिहितो, दवाखान्यातून बाहेर पडताना मला वाईट वाटत होते. गोळी सुटेल या आशेने गेलो होतो. पार्क चौकात येऊन बाकावर थोडा वेळ बसलो आणि थोरल्या बंधूंना फोन केला. त्यांना विचारले, दादा, तुझी गोळी चालू आहे ना? ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, उन्हाळ्यापासून बंद आहे, रिपोर्ट चांगला आला होता. साखर पेठ ताई, आपण लिहिलेला तो पत्र्याचा डबा मला त्या वेळी डोळ्यांसमोर दिसला. आज सकाळीच पुतण्या त्यांना घेऊन त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेला, आणि नवी पेठ यांनी सांगितल्याप्रमाणे पाकिटामागची नावे वाचली तेव्हा त्यांच्या त्या कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिनही असल्याचे निघाले. औषध आजपासून पुन्हा सुरू झाले आहे.


प्रतिसाद: साखर पेठ
२३ डिसेंबर, रात्री १०.१५

दादा, हे वाचून डोळ्यांत पाणी आले. मामय्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, त्या बंधूंना माझा नमस्कार कळवा.


प्रतिसाद: होटगी रोड
१० मार्च, सायंकाळी ७.३०

मध्यंतरी गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, हुरड्याची आमंत्रणे आणि मार्चअखेरच्या कामाची सुरुवात यांमुळे लिहिणे राहून गेले. हुरडा खाल्ला, सोबत शेंगाचटणीही खाल्ली, पण तेलाची भजी टाळली. चालणे सुटलेले नाही.

गेल्या आठवड्यातील तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल १३६, एलडीएल ६८, एचडीएल ४२ आणि ट्रायग्लिसराइड १३० आले. यकृताच्या चाचण्या व्यवस्थित आहेत, अंगदुखी नाही. औषध आहे तसेच चालू ठेवायचे आणि पुढील तपासणी सप्टेंबरमध्ये करायची, असे ठरले आहे. बंधूंचे एलडीएल डिसेंबरमध्ये १४१ निघाले होते, आता ५८ आहे. त्यांच्या डॉक्टरांना ते ५५ च्या खाली हवे आहे.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून २६ वर्षांच्या मुलाचीही तपासणी करून घेतली. त्याचे एलडीएल १३४ आले. लायपोप्रोटीन-एचा निकाल अजून यायचा आहे. तो म्हणतो की एवढ्या लहान वयात गोळी नको, आणि मलाही तसेच वाटते, पण वाटण्यावर ठरवायचे नाही एवढे मी या धाग्यावरून शिकलो आहे. सोमवारी सकाळी त्याचे दोन्ही कागद आणि माझी वही घेऊन आम्ही बापलेक डॉक्टरांकडे जाणार आहोत.